बदल मोजायचा कसा? सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या स्वयंसेवी सेवांत नव्याने आलेल्यांसाठी

स्वयंसेवी संस्थेत नव्याने रुजू झालेल्या कार्यकर्त्यासमोर पहिल्या काही दिवसांतच निधीचा करारनामा येतो आणि त्यात कुठेतरी एक अट असते की, संस्थेने आपल्या सेवेचे परिणाम मोजून ठरावीक मुदतीत अहवाल सादर करावा. अट एका ओळीची असली तरी तिच्या पोटात बरेच प्रश्न दडलेले असतात. परिणाम म्हणजे नेमके काय, तो कोणी ठरवायचा, कधी मोजायचा, आणि दिसलेला बदल आपल्याच कामामुळे झाला असे कशाच्या आधारावर म्हणायचे? पैसा जनतेचा असतो, त्यामुळे हिशेब द्यावाच लागतो. पण मला त्याहून मोठे वाटणारे कारण असे की, मदतीसाठी आलेल्या माणसाचे आपल्यामुळे काही भले होत आहे की नाही हे जाणून न घेता वर्षानुवर्षे काम करत राहणे हा त्या माणसावरच अन्याय आहे. या लेखात उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी एकच सेवा धरली आहे : एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आठवड्यातून एकदा घरी जाऊन भेटणाऱ्या स्वयंसेवकांची.

पायरी पहिली : काम आणि बदल वेगळे ओळखा

समन्वयकाचा पगार, स्वयंसेवकांचा वेळ आणि प्रवासखर्च ही या सेवेला लागणारी साधने. घरी जाऊन भेटणे ही कृती. वर्षभरात साठ वृद्धांना मिळून बाराशे भेटी झाल्या, हे झाले आउटपुट, म्हणजे आपण केलेल्या कामाचे माप. त्या वृद्धांचा एकटेपणा कमी झाला, अडीअडचणीला हाक मारता येईल असे माणूस त्यांना मिळाले, हा आउटकम, म्हणजे परिणाम. नवखे लोक सर्वांत जास्त गोंधळतात ते इथेच, आणि पुष्कळ अहवाल परिणामांच्या मथळ्याखाली भेटींचीच संख्या छापतात.

ओळखण्याची एक साधी रीत आहे. वाक्याचा कर्ता कोण ते पाहा. ‘आम्ही बाराशे भेटी दिल्या’, ‘आम्ही वीस शिबिरे घेतली’ या वाक्यांचा कर्ता संस्था आहे, म्हणून ते काम आहे. ‘त्या आता आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडतात’ या वाक्याची कर्ती सेवा घेणारी व्यक्ती आहे आणि तिच्या जगण्यात काही पालटले आहे, म्हणून तो परिणाम आहे. कामाची मोजणी कमी दर्जाची आहे असे मात्र समजू नका, कारण भेटी किती झाल्या याची पक्की नोंद नसेल तर पुढे दिसलेल्या बदलाचा अर्थच लावता येत नाही.

पायरी दुसरी : बदलाची साखळी एका पानावर मांडा

काम आणि परिणाम यांच्यामध्ये जे घडावे लागते ते लिहून काढणे ही दुसरी पायरी. 1969 मध्ये अमेरिकी सरकारच्या यूएसएआयडी या मदत संस्थेसाठी तयार झालेला लॉगफ्रेम नावाचा तक्ता आणि 1990 च्या दशकात रूढ झालेली थिअरी ऑफ चेंज ही मांडणी, या दोन्ही याच कामाच्या रीती आहेत. निधी देणारे यांपैकी एखादी मागतात. त्यांचे साचे वेगळे असले तरी मूळ प्रश्न एकच असतो : आपण हे केले तर ते का घडावे?

आपल्या उदाहरणात साखळी अशी : नियमित भेटीतून ओळख होते, ओळखीतून विश्वास निर्माण होतो, विश्वास बसला की माणूस अडचण बोलून दाखवतो आणि हळूहळू इतरांमध्ये मिसळू लागतो, आणि त्यातून एकटेपणा कमी होतो. आता प्रत्येक कडीखाली आपण काय गृहीत धरले आहे ते लिहा. ओळख होण्यासाठी तोच स्वयंसेवक पुन्हा पुन्हा जायला हवा, हे गृहीतक लिहिताक्षणी लक्षात येते की, एका वृद्धाकडे वर्षभरात किती वेगवेगळे स्वयंसेवक गेले याची नोंद आपण ठेवतच नाही. साखळी लिहिण्याचा खरा लाभ हाच आहे. तक्ता देखणा दिसण्याची गरज नाही, पण साखळी जिथे तुटू शकते ती जागा त्यात दिसलीच पाहिजे.

पायरी तिसरी : मोजायचे काय, हे लोकांना विचारून ठरवा

ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांच्यापैकी काही जणांना, शक्य असेल तर त्यांच्या घरच्यांना आणि जुन्या स्वयंसेवकांना, ‘या भेटींमुळे तुमचं काय बदलावं असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न विचारा. कार्यालयात बसून आपण ‘सामाजिक सहभाग’ असा शब्द लिहितो, तर लोक सांगतात, ‘रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा ते कळावं.’ हे दुसरे वाक्य मोजायला सोपे आहे आणि जास्त खरेही आहे.

यातून तीन ते पाच परिणाम निवडा, त्याहून जास्त नकोत. करारात निधी देणाऱ्यांनी आपले परिणाम आधीच घातले असतील तर सही करण्यापूर्वीच बोला. हे परिणाम एका वर्षात दिसण्यासारखे आहेत का, आपल्या सेवेच्या हातात आहेत का, आणि ते मोजण्याचा खर्च कोणी करायचा, हे तीन प्रश्न त्या बैठकीत विचारण्यात कोणताही अनादर नाही. मोजणीला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे कोणाचा तरी पगार असतो, तेव्हा अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र ओळ असायला हवी.

पायरी चौथी : पारखलेले साधन निवडा

प्रत्येक परिणामासाठी एक निर्देशक, म्हणजे बदल झाल्याची दिसणारी खूण, आणि ती टिपण्याचे एक साधन लागते. प्रश्नावली स्वतः तयार करण्याचा मोह आवरा, कारण एकटेपणा, नैराश्य, मनःस्वास्थ्य अशा गोष्टींसाठी संशोधकांनी वर्षानुवर्षे पारखून घेतलेल्या प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. एकटेपणासाठी यूसीएलए (लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) मापिकेची तीन प्रश्नांची छोटी आवृत्ती 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. सोबतीची उणीव, बाजूला पडल्याची भावना आणि इतरांपासून तुटल्याची भावना कितपत जाणवते, असे तिचे तीन प्रश्न आहेत. ‘क्वचितच’, ‘कधीकधी’ आणि ‘बऱ्याचदा’ या उत्तरांना 1, 2 आणि 3 गुण मिळतात, म्हणून एकूण गुण 3 ते 9 यांच्या दरम्यान येतात आणि जास्त गुण म्हणजे जास्त एकटेपणा. वॉरविक-एडिनबरा मनःस्वास्थ्य मापिकेत 14 विधाने आहेत आणि गुण 14 ते 70 असतात; तिची 7 विधानांची आवृत्तीही आहे. साधन वापरण्याआधी त्याच्या परवान्याच्या अटी वाचा, आणि आपल्या भाषेत पारखलेला अनुवाद आहे का ते पाहा. घाईत केलेल्या अनुवादात प्रश्नाचा अर्थ सरकतो आणि मग गुणांची तुलना कोणाशीच करता येत नाही.

एका धोक्याबद्दल इथे थांबून सांगायला हवे. नैराश्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पीएचक्यू-9 या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला 0 ते 3 गुण असतात आणि बेरीज 0 ते 27 होते. तिचा नववा प्रश्न आपण मेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांबद्दल आहे. एखाद्या स्वयंसेवकाने हा कागद भरून घेतला, नवव्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर आले, आणि तो कागद महिनाअखेरीपर्यंत फाइलमध्ये पडून राहिला, असे कधीही होता कामा नये. असा प्रश्न विचारणार असाल तर उत्तर ‘हो’ आल्यास त्याच क्षणी कोणाला कळवायचे, त्या माणसाजवळ कोणी थांबायचे आणि त्याला कोणत्या तज्ज्ञाकडे न्यायचे, हे लेखी ठरलेले असले पाहिजे. ती व्यवस्था नसेल तर प्रश्न विचारू नका.

पायरी पाचवी : सुरुवातीची नोंद

सेवा सुरू होण्यापूर्वी माणूस कुठे होता हे माहीत नसेल तर तो किती पुढे आला हे सांगता येत नाही. या सुरुवातीच्या नोंदीला सगळे बेसलाइन म्हणतात आणि सर्वांत जास्त संस्था चुकतात त्या याच ठिकाणी, कारण अहवालाची आठवण वर्षाच्या शेवटी येते आणि तोपर्यंत सुरुवात मागे पडलेली असते.

नोंद वेळेवर घेतली तरी एक अवघड गोष्ट उरते. समजा, समन्वयक पहिल्यांदाच एका आजींच्या घरी गेली आहे. खुर्चीच्या काठावर बसून ती विचारते, ‘आपल्याला सोबत नाही असं तुम्हाला कितपत वाटतं?’ आजी पटकन म्हणतात, ‘छे, असं काही नाही बाई. सगळे येऊन-जाऊन असतात.’ तिन्ही प्रश्नांना ‘क्वचितच’ असे उत्तर येते आणि कागदावर 3 गुण पडतात. चार महिन्यांनी हेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. आजी थोडा वेळ गप्प राहतात आणि सांगतात, ‘बऱ्याचदा वाटतं. तेव्हा तुझी ओळख नव्हती, म्हणून बोलले नाही.’ आता 7 गुण पडतात. कागदावर पाहिले तर सेवेमुळे आजींचा एकटेपणा दुपटीहून वाढला, आणि वस्तुस्थिती अशी की, त्या घरात पहिल्यांदाच कोणाशी तरी खरे बोलणे झाले.

माणूस दडवत नसला तरी त्याची स्वतःला मापण्याची फूटपट्टीच मधल्या काळात बदलू शकते, आणि संशोधनात याला रिस्पॉन्स शिफ्ट म्हणतात. पालकत्वाचा वर्ग करणाऱ्या आईला सुरुवातीला आपल्याला सगळे येते असे वाटते आणि शिकल्यावर आपल्याला किती कमी येत होते ते उमगते. यावर उपाय दोन आहेत. पहिला, बेसलाइन अगदी पहिल्या भेटीत न घेता दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत घ्या, पण सर्वांसाठी एकच नियम ठेवा. दुसरा, शेवटच्या नोंदीच्या वेळी ‘आता मागे वळून पाहिलं तर सुरुवातीला तुमची स्थिती कशी होती असं तुम्हाला वाटतं?’ असा जादा प्रश्न विचारा. मागाहून दिलेल्या उत्तरात स्मरणाची चूक आणि आपल्याला भेटायला येणाऱ्याला बरे वाटावे ही भावनाही मिसळते, म्हणून तो आकडा मूळ नोंदीच्या जागी न घालता तिच्या शेजारी ठेवा आणि अहवालात दोन्ही द्या.

प्रश्न कोण विचारतो यानेही उत्तर बदलते. दर आठवड्याला जिव्हाळ्याने येणाऱ्या स्वयंसेवकालाच ‘माझ्या येण्याचा उपयोग झाला का?’ असे विचारायला लावले तर ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. शक्य असेल तिथे विचारणारी व्यक्ती वेगळी असावी. विचारण्यापूर्वी माहिती कशासाठी घेत आहोत, कोण पाहणार आहे आणि उत्तर न दिल्यास सेवा बंद होणार नाही, हे सांगून संमती घेणे तर सक्तीचेच समजा.

पायरी सहावी : जे गळाले त्यांना मोजा

समजा, वर्षभरात 120 जणांनी सेवा घेतली, त्यांपैकी 48 जणांनीच शेवटची प्रश्नावली भरली आणि त्यांतील 40 जणांचे गुण सुधारले. अहवालात ‘83 टक्के लोकांमध्ये सुधारणा’ असे लिहिता येते, कारण 48 पैकी 40 म्हणजे 83 टक्के होतातच. पण 120 पैकी 40 म्हणजे 33 टक्के. सुधारणा झाल्याचे आपल्याला खात्रीने माहीत आहे ते तेवढ्यांबद्दलच, प्रश्नावली न भरलेल्या 72 जणांबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही. जे समाधानी असतात ते शेवटपर्यंत राहतात आणि फॉर्म भरतात. ज्यांना उपयोग झाला नाही ते आधीच निघून गेलेले असतात. म्हणून टक्केवारीसोबत ती कितीपैकी आहे हे नेहमी लिहा आणि गळालेल्यांची कारणेही वेगवेगळी नोंदवा. बरे वाटून सेवा थांबवणे, दुसरीकडे राहायला जाणे, रुग्णालयात दाखल होणे, मृत्यू आणि ‘पुन्हा येऊ नका’ असे सांगणे या पाच गोष्टी एकाच ‘बंद’ या रकान्यात टाकल्या तर सेवेबद्दल शिकण्यासारखे सर्वांत मोलाचे काही हातातून निसटते. सेवा घेणारे एकूण पंधराच असतील तर टक्केवारी काढूच नका, ‘पंधरापैकी नऊ’ असे लिहा.

पायरी सातवी : आपण नसतो तर काय झाले असते?

माणूस मदत मागायला येतो तो बहुधा त्याच्या सर्वांत वाईट दिवसांत. जोडीदाराच्या निधनानंतर दोन महिन्यांनी एकटेपणाचे गुण मोजले तर वर्षभराने ते काही प्रमाणात आपोआप कमी होण्याचा संभव असतो, आपली भेट झालेली असो वा नसो. टोकाला गेलेले मोजमाप पुढच्या वेळी सरासरीकडे सरकते ही गोष्ट ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिली होती. म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला सगळा फरक आपल्या नावावर घेऊ नका.

या बाबतीत प्रत्येक नवख्याने अमेरिकेतील केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यासाची हकिकत माहीत करून घ्यावी असे मला मनापासून वाटते. 1939 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात गुन्हेगारीकडे वळू शकतील अशा मुलांना साधारण पाच वर्षे समुपदेशकांचा आधार, अभ्यासात मदत, वैद्यकीय मदत, शिबिरे असे सगळे दिले गेले, आणि तशाच मुलांचा दुसरा गट तुलनेसाठी ठेवला गेला. कोणत्या मुलाने कोणत्या गटात जायचे हे नाणेफेकीने ठरले होते. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी या मुलांचा, तोवर मध्यमवयीन झालेल्या पुरुषांचा, माग काढला आणि 1978 मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी प्रकल्पाचा आपल्याला उपयोग झाला असे सांगितले. पण नोंदी तपासल्यावर मद्यासक्तीची लक्षणे, मानसिक आजार, लवकर मृत्यू अशा अनेक बाबतींत मदत मिळालेला गटच तुलनेतल्या गटापेक्षा वाईट स्थितीत आढळला. ‘आम्हाला बरे वाटले’ हे समाधान मोलाचे आहे, पण त्यालाच परिणाम समजता येत नाही.

छोट्या संस्थेला नाणेफेकीने गट पाडणे बहुतेक वेळा जमत नाही, आणि ते दर वेळी योग्यही नसते. तिला जमण्यासारखे असे की, प्रतीक्षायादीवरच्या लोकांचे गुण त्यांच्या संमतीने दोनदा नोंदवावेत, उपलब्ध सरकारी आकडेवारीशी ताडून पाहावे, आणि ‘ही सेवा नसती तर तुम्ही काय केलं असतं?’ असे सरळ विचारावे. समजा, रोजगार मार्गदर्शन घेतलेल्या 100 जणांपैकी 30 जणांना काम मिळाले आणि तशाच परिस्थितीतल्या 100 जणांपैकी 20 जणांना मार्गदर्शनाविनाही मिळते, तर आपला वाटा दहाचा आहे आणि अहवालात तो दहाचाच सांगावा.

पायरी आठवी : लक्ष्याला पैसा बांधला असेल तर

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकात सावध केले होते की, एखादा आकडा सामाजिक निर्णयांसाठी जितका जास्त वापरला जातो, तितका तो भ्रष्ट होण्याचा धोका वाढतो आणि ज्या प्रक्रियेवर त्याने नजर ठेवायची तीच तो बिघडवू लागतो. परिणामांनुसार पैसे मिळतात तिथे हे उघड दिसते : लवकर सुधारतील अशा लोकांना घेतले जाते आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ते दारातच अडतात.

ही अडचण आधी ओळखून माप बदलता येते. इंग्लंडमधील पीटरबरो तुरुंगात 2010 साली जगातला पहिला सोशल इम्पॅक्ट बाँड, म्हणजे गुंतवणूकदारांनी आधी पैसे घालायचे आणि परिणाम साधला तरच त्यांना ते परत मिळायचे असा करार, सुरू झाला, त्यात बारा महिन्यांहून कमी शिक्षा भोगून सुटलेल्या पुरुषांना स्वयंसेवी संस्थांनी आधार दिला. तिथे ‘सुटलेल्यांपैकी किती जणांनी पुन्हा गुन्हा केला’ असे न मोजता ‘पुन्हा दोषी ठरण्याच्या एकूण घटना किती’ असे मोजले गेले. पहिल्या मापात एकदा चुकलेला माणूस लक्ष्याच्या दृष्टीने संपला असता आणि त्याच्यावर कष्ट घेण्याचे कारण उरले नसते. दुसऱ्या मापात त्याची पुढची प्रत्येक टळलेली घटना मोजली जात होती. देशभरातील तशाच कैद्यांशी तुलना करता घटना 9 टक्क्यांनी कमी झाल्या आणि 7.5 टक्क्यांचे लक्ष्य पार पडले. करारातला निर्देशक वाचताना हाच प्रश्न विचारा : हे माप वापरले तर कोणाकडे दुर्लक्ष करणे आमच्या सोयीचे होईल?

आकड्यांच्या सोबतीला

आकडे बदल किती झाला ते सांगतात, कसा झाला ते लोकांच्या बोलण्यातूनच कळते. मूल्यमापन-तज्ज्ञ रिक डेव्हिस यांनी 1990 च्या दशकात बांगलादेशातील एका प्रकल्पासाठी विकसित केलेल्या मोस्ट सिग्निफिकंट चेंज पद्धतीत क्षेत्रातून बदलांच्या हकिकती गोळा करतात, वेगवेगळ्या पातळीवरचे लोक एकत्र बसून त्यांतली सर्वांत महत्त्वाची निवडतात आणि ती का निवडली याचे कारण लिहून ठेवतात. अहवालाला शोभा म्हणून जोडलेली यशकथा आणि ही पद्धत यांत मोठा फरक आहे. बिघाडाच्या हकिकतीही अशाच गोळा करा.

शेवटची पायरी : नोंदी कामात आणा

दर तीन महिन्यांनी दोन तासांची एक बैठक घ्या आणि तिला स्वयंसेवक, समन्वयक आणि सेवा घेणाऱ्यांपैकी दोघे-तिघे हवेतच. समोर एकच तक्ता ठेवा : सुरुवातीचे गुण, आताचे गुण, भेटींची संख्या, स्वयंसेवक किती वेळा बदलला. ज्यांच्याकडे एकच स्वयंसेवक टिकला त्यांचे एकटेपणाचे गुण उतरलेले आणि ज्यांच्याकडे चार वेगवेगळे गेले त्यांचे जिथल्या तिथे दिसले, तर दुसऱ्या पायरीवर लिहिलेल्या गृहीतकाला निदान एक आधार मिळाला आणि पुढच्या महिन्याचे वेळापत्रक बदलण्याचे कारणही. ज्या रकान्याकडे सलग तीन बैठकांत कोणी पाहिले नाही, तो प्रश्न विचारणे बंद करा. लोकांचा वेळ आपण उगाच घेत होतो.

परिणाम साधला नसेल तर निधी देणाऱ्यांना ते थेट अहवालाच्या दिवशीच कळेल असे होऊ देऊ नका. दुसऱ्या तिमाहीतच लिहा : हे अपेक्षित होते, एवढे झाले, आमच्या समजुतीप्रमाणे कारण हे, आणि आम्ही बदलणार आहोत ते हे. या बैठकांच्या चारही तारखा करारावर सही होते त्याच दिवशी ठरवून सर्वांना कळवा.